दुपारच्या पाच तासांचा पालक कोण?

दुपारी एकच्या सुमारास गोव्यातील कोणत्याही शहरात शाळेच्या फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहावे. घंटा होते, पाठीवर दप्तरांची ओझी घेतलेली मुले बाहेर लोटतात, रिक्षा आणि व्हॅन भरतात, दुचाकीवर बापाच्या मागे दोघे दोघे बसविले जातात, आणि पाहता पाहता रस्ता रिकामा होतो. थोड्याच वेळात दुकानांचीही दारे खाली येतात. गाव जेवते आणि निजते. दुपारची ही निद्रा आमच्या अंगी इतकी मुरलेली आहे की, या वेळी कोणी जागे असेल आणि त्याला कोणाची तरी गरज असेल, ही कल्पनाही आम्हाला सहसा शिवत नाही. परंतु त्या दहा मिनिटांत पांगलेली सारी मुले आईच्या हातचे गरम जेवण जेवावयास गेली, असे समजण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. कित्येकांच्या दप्तरात घराची किल्ली असते. काही शेजारणीच्या ओसरीवर टेकतात. काही शिकवणीला जातात आणि तेथून दुसऱ्या शिकवणीला. आणि दरवर्षी वाढत्या संख्येने काही मुले जेथे जातात, त्या जागेला कोणी ‘डे-केअर’ म्हणतो, कोणी ‘ॲक्टिव्हिटी सेंटर’, तर कोणी जुन्या सवयीने ‘पाळणाघर’. आठ वर्षांचा मुलगा पाळण्यात मावत नाही, हे लक्षात न घेताच तो शब्द वापरला जातो. ज्या गोष्टीला भाषेत अद्याप धड नाव मिळालेले नाही, तिच्याकडे समाजाने अद्याप धड पाहिलेले नाही, असे खुशाल समजावे.

आई पणजीच्या कचेरीत, बाप वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात, किंवा दोघेही किनाऱ्यावरील हॉटेलात पाळीवर. घरी परत येण्याची वेळ साडेसहा, कधी सात. म्हणजे शाळा सुटल्यापासून घराचे दार उघडेपर्यंत पाच तासांहून अधिक काळ जातो. शाळा तरी याहून जास्त वेळ कोठे चालते? सकाळी आठ ते एक, पाचच तास. या सकाळच्या पाच तासांसाठी आम्ही कायदे केले, पाठ्यपुस्तके रचली, निरीक्षक नेमले, आणि ते कोणत्या भाषेतून चालावेत यावरून रस्त्यावरही उतरलो. तो लढा योग्यच होता आणि या पत्राने त्यात आपली बाजू कधी लपविली नाही. परंतु तेवढ्याच लांबीच्या दुपारच्या पाच तासांविषयी शासनाने, विरोधी पक्षाने, शिक्षकांच्या संघटनांनी आणि आम्ही वृत्तपत्रवाल्यांनीही जवळजवळ चकार शब्द काढलेला नाही, ही गोष्ट कबूल करणे भाग आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हे मूल दिसेनासेच होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्ती केली ती सहा वर्षांखालील मुलांसाठी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली अंगणवाडीची योजना सहा वर्षांपर्यंतची. २०१७ साली पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले, परंतु तो कायदा मातृत्वलाभाचा असल्याने त्याचा रोख तान्ह्या मुलांवर. २०२२ साली केंद्राने नव्याने मांडलेली ‘पाळणा’ योजना सहा महिने ते सहा वर्षे या वयाची. सहावे वर्ष सरले की मूल २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या स्वाधीन होते आणि चौदाव्या वर्षापर्यंत तेथेच राहते. तो कायदा त्याला शिक्षक देतो, बाक देतो, माध्यान्ह आहारही त्याच शाळेच्या दारात येतो. परंतु कायद्याच्या लेखी ते आता विद्यार्थी असते, आणि विद्यार्थी म्हणजे केवळ शाळेच्या वेळात अस्तित्वात असणारा जीव. एक वाजता घंटा झाली की तो जणू अंतर्धान पावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रकट होतो.

पूर्वी हे पाच तास कोण सांभाळीत असे? मोठे कुटुंब सांभाळी, वाडा सांभाळी, हे सर्वज्ञात आहे. परंतु घराबाहेरही गोव्याने मुलांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या, हे आज विसरले जाते. देवळाच्या चौकात भजनाची तालीम होई आणि पखवाजावर हात बसेपर्यंत मुले तेथेच घुटमळत. चर्चच्या आवारातील शाळेत मेस्त गावच्या मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवी. गोव्यातील संगीताच्या दोन्ही परंपरा अशा शाळेबाहेरच्या वेळात वाढल्या, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी हे लिहिलेले नाही. देवळाच्या चौकात सर्वांच्या मुलांना सारखाच मुक्तद्वार प्रवेश नव्हता, मेस्ताची छडी काही लुटुपुटूची नसे, आणि मुलींची दुपार बहुधा भांडी घासण्यात आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेण्यातच जाई. सांगावयाचे ते इतकेच की, मुलांची दुपार ही गावाची जबाबदारी आहे, ही जाणीव येथे परकी नव्हती. ती आता बाजाराच्या हाती गेली आहे.

बाजार ती कशी पार पाडतो, हे पाहावे म्हणून आम्ही अशी काही केंद्रे हिंडून पाहिली. त्यांपैकी दोहोंविषयी लिहितो. ती कोठली, कोणाची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचकांना आपापल्या गावातील दोन्ही नमुने सहज आठवतील.

पहिले केंद्र नव्या इमारतीतील सदनिकेत होते. बाहेर रंगीत फलक. त्यावर अबॅकस, वेदिक गणित, इंग्रजी संभाषण, रोबोटिक्स, व्यक्तिमत्त्वविकास अशी मोठी यादी. आत थंडगार हवा, भिंतींवर परदेशी बाहुल्यांची चित्रे. मुले अठ्ठावीस. त्यांच्यामागे विशीतील एक मुलगी, तिला येथे येऊन तिसरा महिना लागलेला. दुसरी एक बाई आत स्वयंपाकघरात. दूरदर्शन संच चालू होता. आम्ही त्या मुलीला मुलांची नावे विचारली. तिने सात सांगितली आणि ओशाळली. तिचा दोष काडीमात्र नव्हता. खिडकीपाशी दुसरी-तिसरीतील एक लहानगी भिंतीला टेकून बसली होती. तिचे दप्तर अद्याप पाठीवरच होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती येऊन तास-दीड तास झाला असावा. ‘‘बाळ, दप्तर काढून ठेव,’’ एवढे चार शब्द तिला म्हणणारे त्या चार खोल्यांत कोणी नव्हते. फलकावरील यादीत व्यक्तिमत्त्वविकास होता.

दुसरे केंद्र एका जुन्या घराच्या ओसरीवर आणि मागल्या अंगणात. फलक नाहीच. मुले चौदा, सांभाळणाऱ्या दोघी. एक प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दुसरी शेजारची गृहिणी. तिला मुले ‘काकी’ म्हणतात. रिक्षा थांबली की बाई पायरीवर येतात. प्रत्येक मुलाचा डबा आधी स्वतः उघडून पाहतात. ‘‘काय रे, आज अर्धाच खाल्लास?’’ डब्यावरून शाळेतील सकाळ कशी गेली ते कळते, असे त्यांचे म्हणणे, आणि पस्तीस वर्षे वर्गात काढलेल्या माणसाच्या असल्या बोलण्यावर आमचा विश्वास आहे. एका साध्या वहीत मूल आल्याची वेळ, संध्याकाळी न्यायला कोण येणार त्याचे नाव आणि एखाद्याला औषध द्यावयाचे असल्यास त्याची नोंद. हातपाय धुणे, जेवण, मग चटया. निजायचे त्याने निजावे, नको असेल त्याने गोष्टीचे पुस्तक घेऊन पडावे. मात्र दुसऱ्याची झोप मोडायची नाही. साडेतीनला गृहपाठ, पाऊण तास. बाई अडले तेथे सांगतात, शिकवीत नाहीत. त्यानंतर अंगण. आम्ही होतो त्या दिवशी लगोरीवरून दोन पोरांची जुंपली. काकी उठू लागली तेव्हा बाईंनी डोळ्यांनीच तिला थांबविले. दोन मिनिटे त्या नुसत्या पाहत राहिल्या. भांडण आपोआप मिटले, आणि त्यात हरलेला मुलगा थोड्या वेळाने येऊन काही न बोलता बाईंच्या खुर्चीला टेकून उभा राहिला. पावसाळ्यासाठी दोरीवर प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेली कोरड्या कपड्यांची पिशवी टांगलेली होती. आषाढात ओल्या गणवेशात पाच तास बसलेल्या मुलाचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच असली पिशवी सुचते.

‘‘येथे तुम्ही काय काय शिकवता?’’ असे आम्ही त्यांना अखेर विचारले. ‘‘काही नाही हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मुलं येतात, असतात, आणि जातात.’’

या ‘असतात’ शब्दातच साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे, असे आम्हाला वाटते. मूल कोठेतरी नुसते असू शकते, ही सोय घरात असते म्हणूनच ते घर. कोणी त्याची परीक्षा घेत नाही, कोणी त्याला सतत गुंतवून ठेवीत नाही, आणि तरीही कोणाचे तरी लक्ष त्याच्यावर असते. शाळेनंतरच्या केंद्राची गुणवत्ता यादीत शोधावयाची नसते. मुलाला ओळखणारे माणूस तेथे आहे काय, आणि ते पुढील वर्षीही असणार काय, एवढ्या दोन प्रश्नांत ती सापडते. पहिला प्रश्न संख्येचा आहे. अठ्ठावीस मुलांना एकट्याने ओळखणे देवालाही जड जावे. दुसरा प्रश्न पैशाचा आहे, आणि त्याकडे कोणी पाहत नाही म्हणून येथे थोडा हिशेब मांडतो. आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येक गावी ते थोडे इकडेतिकडे होतील.

समजा, सोळा मुले आहेत आणि प्रत्येकाचे दरमहा अडीच हजार रुपये येतात. एकूण चाळीस हजार. शहरात दोन खोल्यांचे भाडे बारा हजार धरू. दुपारचे खाणे, दर मुलामागे दिवसाला पंचवीस रुपये, बावीस दिवसांचे आठ हजार आठशे. वीज, पाणी, साबण, चटया, औषधपेटी यांचे दीड हजार. उरले सतरा हजार सातशे. दोघींनी वाटून घेतले तर प्रत्येकीला आठ हजार आठशे पन्नास. एवढ्यावर त्या रोज सहा तास सोळा मुलांची जबाबदारी घेणार, ताप आलेल्या मुलाला मांडीवर घेणार, आणि साडेसहाचे पालक साडेसात वाजता आले तरी हसून दार उघडणार. हॉटेलात खोल्या साफ करण्याचे काम यापेक्षा अधिक देत असेल तर त्यांनी का जाऊ नये? त्या जातात. मग केंद्रचालक सोळांची अठ्ठावीस मुले करतो, दोघींच्या जागी एक नवखी मुलगी ठेवतो, आणि शांतता राहावी म्हणून दूरदर्शन संच लावतो. त्या सदनिकेतील दृश्य कोणाच्या दुष्टपणातून निर्माण झालेले नव्हते. ते या वजाबाकीतून निघाले होते. ओसरीवरील त्या बाईंनीही आम्हाला सांगितले की, काकीला दुसरे काम मिळते आहे आणि ती गेली तर हे त्यांना एकटीने झेपणार नाही.

आता याच हिशेबातून भाड्याचे बारा हजार वगळून पाहावे. दोघींच्या वाट्याला एकोणतीस हजार सातशे येतात, म्हणजे प्रत्येकीला चौदा हजार आठशे पन्नास. मुलांची संख्या न वाढविता, शुल्क न वाढविता, केवळ एक खोली फुकट मिळाल्याने हा फरक पडतो. खोलीकडे आम्ही पुढे येऊच.

पालकांनाही दोन शब्द सुनावणे अवश्य आहे. केंद्र निवडताना ते काय विचारतात? हवा थंड आहे काय, अबॅकसची पातळी कोणती, गृहपाठ पुरा होऊन येईल काय. सांभाळणारी बाई येथे किती दिवस आहे, तिला किती मुले पाहावी लागतात, तिला तुम्ही काय देता, हे विचारणारा पालक आम्हाला एकही भेटला नाही. घरची कामवाली बदलली तर आठवडाभर चर्चा होते. मुलाला सांभाळणारी वर्षात तीनदा बदलली तरी त्याची वार्ता कित्येक घरांत पोहोचतच नाही. आणि मूल ते सांगत नाही. ते फक्त हळूहळू नव्या माणसापाशी जाणे सोडून देते.

याहून गंभीर अशी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी गोव्याने तरी बेसावध राहता कामा नये. मडगावात निराधार मुलांचा आश्रम चालविणाऱ्या एका गृहस्थाला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली न्यायालयाने जन्मठेप ठोठावली. वर्षानुवर्षे त्याला दयाळू म्हणून नमस्कार करणारे लोक याच समाजातील होते. त्या प्रकरणाने हादरलेल्या गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१२ साली लैंगिक अपराधांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा देशभर लागू झाला आणि असा अपराध ठाऊक असून न कळविणे हाही गुन्हा ठरला. कायदे आहेत. परंतु कायदा घटना घडल्यावर जागा होतो. घटना घडू नये याची तजवीज फार साध्या गोष्टींत असते. एकही प्रौढ माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटे नसावे. म्हणूनच दोन माणसे हवीत, केवळ कामाच्या सोयीसाठी नव्हे. शौचालयाचा रस्ता सर्वांच्या नजरेतून जावा. वहीत ज्याचे नाव नाही त्याच्या हाती मूल सोपवू नये, मग तो सख्खा मामा म्हणून का येईना. प्रत्येक कामगाराची पोलिस पडताळणी झालेली असावी. आणि पालकाने कोणत्याही वेळी, न सांगता, आत येऊन पाहावे, यास केंद्राची हरकत नसावी. ज्या केंद्रात ही शेवटची मुभा नाही, तेथे मूल ठेवू नये, इतके स्पष्ट आम्ही लिहू.

नियम म्हटले की आमच्या शासनास परवाना आठवतो आणि परवाना म्हटले की निरीक्षक. त्याची धास्ती आम्हालाही आहे. निरीक्षक येईल, भिंतींची मापे घेईल, अग्निशामक नळकांडे मोजील, आणि ओसरीवरच्या बाईंचे केंद्र नियमात बसत नाही म्हणून बंद करून सदनिकेतल्या केंद्राला प्रमाणपत्र देईल. इतर देशांचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. जपानने १९९७ साली आपल्या बालकल्याण कायद्यात दुरुस्ती करून शाळेनंतरच्या केंद्रांना मान्यता दिली, आणि २०१५ पासून लागू झालेल्या निकषांत साधारण चाळीस मुलांचा एक गट, त्यामागे किमान दोन माणसे, आणि दर मुलामागे १.६५ चौरस मीटर, म्हणजे एक चटई अंथरता येईल एवढी जागा, असे आकडे घातले. पुढे माणसे मिळेनात म्हणून माणसांविषयीचा निकषच सैल करावा लागला. चटईपुरती जागा मिळविणे तितकेसे कठीण नाही. चटईशेजारी बसणारे माणूस टिकविणे कठीण. स्वीडनने १९९६ साली ही केंद्रे समाजकल्याणाकडून काढून शिक्षण खात्याच्या अखत्यारीत आणली आणि त्यांत काम करणाऱ्यांना खास प्रशिक्षण दिले. तेथेही पुढे गट फुगत गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. तेव्हा श्रीमंत देशांनाही हे कोडे पुरते सुटलेले नाही. फरक एवढाच की त्यांनी ते कोडे आहे हे मान्य केले आहे.

शिक्षण खात्याकडे हा विषय गेला तर आणखी एक धोका आहे. खाते त्याची दुसरी शाळा करील. आजच अनेक केंद्रे ही शिकवणीची मागली दारे झालेली आहेत. शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली, पण शिकवणीची भूक कोठे मेली? सकाळी पाच तास बाकावर बसलेल्या सात वर्षांच्या मुलाला दुपारी पुन्हा बाकावर बसविणे यास शिक्षण म्हणावयाचे झाले तर ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी आयुष्यभर काय केले, असे विचारावे लागेल. बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला तेथूनच मिळाला. गुरे राखणारी आदिवासी मुले वर्गात येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे मुले जेथे गुरांमागे असत तेथे शिक्षक गेले. मूल ज्या वेळी जेथे आहे आणि जसे आहे, तेथून आरंभ करावयाचा, ही त्यांची रीत. दुपारी दीड वाजता मूल भुकेलेले, दमलेले आणि थोडेसे रुसलेले असते. आरंभ तेथूनच करावयास हवा. त्याला कंटाळा येऊ द्यावा, त्या कंटाळ्यातून त्याने स्वतः काही शोधावे, मोठ्या मुलीने धाकट्याला बुटाची नाडी बांधावयास शिकवावी, यासारखा अभ्यासक्रम अजून कोणत्याही मंडळाने आखलेला नाही आणि आखू नये.

आता खोलीविषयी. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी, वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा काढल्या. त्यांतील कित्येक मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडल्या. त्यांच्या कौलारू इमारती कुलपे लावून उभ्या आहेत. त्या का बंद पडल्या हा वेगळा, आणि आमच्या दृष्टीने फार दुखरा विषय; त्यावर या स्तंभातून पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या चालू आहेत त्यांचे वर्गही दुपारी एकनंतर बहुधा रिकामेच असतात. पंचायतींची सभागृहे लग्न नसेल त्या दिवशी ओस. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच सांगून ठेवले आहे की, शाळांच्या इमारतींची रिकामी क्षमता शाळेच्या वेळेनंतर समाजाच्या उपयोगी आणावी. त्यास त्यांनी ‘सामाजिक चेतना केंद्र’ असे भारदस्त नावही दिले आहे. नाव काहीही असो, खोली द्यावी. माणसे कोठून आणावयाची? शाळांत माध्यान्ह आहार पोहोचविणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांच्या आणि महिला मंडळांच्या बायका शाळेच्या दारात आजच येतात. मुले त्यांना ओळखतात, त्या मुलांना ओळखतात. त्यांच्यापैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण द्यावे, जोडीला एखाद्या निवृत्त शिक्षिकेला घ्यावे. कांपाल येथील बालभवन आणि त्याची तालुक्यांतील केंद्रे संगीत, नृत्य, हस्तकला चांगली शिकवितात. परंतु तेथे मुलाला तासाभरासाठी नेऊन परत आणणारा कोणी लागतो, आणि नेमका तोच तर घरी नाही. बालभवनाचे शिक्षक आठवड्यातून दोनदा या खोल्यांत गेले तर तबला आणि रंगपेटी दोन्ही मुलांपर्यंत पोहोचतील.

यावर मुख्याध्यापक काय म्हणतील, ते आम्हाला ठाऊक आहे. बाक मोडले तर कोण भरणार, विजेचे बिल कोणाच्या नावे, आणि किल्ली कोणापाशी राहणार? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण सरकारी योजना बुडतात त्या अशाच किल्लीच्या प्रश्नावर. म्हणून आदेश निघेल तो मोघम नसावा. एक वाजल्यापासूनची जबाबदारी पालक-शिक्षक संघाच्या समितीची, असे त्यात लिहून द्यावे, विजेच्या बिलासाठी पंचायतीला तरतूद करू द्यावी, आणि किल्ली दोघींपैकी एकीपाशी राहील, हेही नमूद करावे. मुख्याध्यापकाच्या डोक्यावर दुसरी नोकरी लादू नये.

स्त्रियांनी नोकऱ्या सोडून घरी बसावे म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही, असे म्हणणारी काही पत्रे यावर येतील. ती छापूही. मात्र हा सल्ला ज्या घरांना दिला जातो त्यांचा वाणसामानाचा हिशेब सल्ला देणाऱ्यांनी एकदा करून पाहावा. आणि आजी-आजोबांविषयी बोलाल तर, ते आहेत तेथे पुष्कळ करीत आहेत. सत्तरीच्या गुडघ्यांवर दोन नातवंडांचे पाच तास रोज टाकणे हे काही संस्कृतीचे रक्षण नव्हे.

एक गोष्ट राहून जाऊ नये. अडीच हजार रुपये देऊ शकणाऱ्या आईचा विचार आपण केला. तिच्या घरी भांडी घासणाऱ्या आईचा मुलगाही एक वाजताच सुटतो. इमारतीच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईची मुलगी तर शाळेतून थेट त्याच इमारतीच्या सळ्यांमध्ये येते. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले, ते अशीच मुले धुळीत पडलेली पाहून. शाळेच्या खोलीत जे केंद्र सुरू होईल त्यात या मुलांना शुल्काशिवाय जागा असलीच पाहिजे, आणि त्यांचा खर्च शासनाने उचलला पाहिजे. सरकारी खोलीत केवळ पैसे भरणाऱ्यांचीच मुले बसू लागली तर ती खोली न दिलेली बरी.

साऱ्या गोव्यात एकदम योजना जाहीर करा, असे आम्ही म्हणत नाही. जाहीर झालेल्या योजनांचे काय होते ते आम्ही पुष्कळदा छापले आहे. तालुके बारा आहेत. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी प्रत्येक तालुक्यात एका शाळेची एक खोली, दोन बायका, सोळा मुले, एवढेच करावे. बायकांना पूर्ण वर्षाची नेमणूक द्यावी, महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावेत, आणि वर्षअखेर शिक्षण खात्याने त्या बारा खोल्यांत जाऊन मापे न घेता चोवीसजणींपैकी किती टिकल्या, तेवढेच आधी मोजावे. ओसरीवरच्या त्या बाईंना आम्ही निघताना विचारले, खोली मिळाली तर येाल का? त्यांनी उत्तर दिले नाही. पदेराचा भोंगा वाजला होता, मुलांचे पाव घ्यावयाचे होते, आणि एका मुलाची आई अजून यावयाची होती.